हत्तरसंग कुडलची देवळं, सोलापूरचा किल्ला आणि वेळापूर: जोडून आलेल्या सुट्टीतली भटकंती

सोलापुरातून विजापूरला गोलघुमट बघायला शाळेच्या सहली जातात, घरचे पाहुणे जातात, गाड्या भरभरून जातात, पण त्याच रस्त्यानं जाताना मध्येच आत वळलं की भीमा आणि सीना जिथं एकत्र येतात तिथं हजार वर्षांपूर्वीचं देऊळ उभं आहे हे सोलापुरातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडल. जाणार असाल तर मॅपवर नुसतं 'कुडल संगम' टाकू नका, तो थेट कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात नेतो, जिथं कृष्णा आणि मलप्रभेचा संगम आहे आणि बसवण्णांचं ऐक्यस्थळ आहे. तेही जरूर बघण्यासारखं, पण ते वेगळं. आपल्याला हवं ते 'हत्तरसंग कुडल'.

सोबत बायको होती आणि मावशी होती. मावशीचं सगळं आयुष्य सोलापूरच्या बाळीवेशीत गेलंय, मराठी जेवढं येतं तेवढंच कन्नडही येतं, आणि तिला दगडबिगड काही नको असतं, तिला दर्शन हवं असतं. मला नेमकं उलटं. पण तिच्यामुळं ही ट्रिप जास्त चांगली झाली, ते पुढं येईलच.

शनिवार, सोलापुरातच

बाहेर जायच्या आधी घरचं बघू म्हणून सकाळी सिद्धेश्वर. संक्रांत नुकतीच झालेली, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून होता, पाळण्यांची लाइन, मीना बाजार, बत्ताशांचे ढीग, त्यामुळं गाडी लांब लावून चालत गेलो. तलावातलं देऊळ सगळ्यांना माहितीय. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हा तलाव लोकांच्या श्रमातून खोदून घेतला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, आजही नंदीध्वजांची मिरवणूक त्या अडुसष्ट लिंगांना तेल वाहत फिरते. गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. म्हणजे तलाव, देऊळ, प्रदक्षिणेचा रस्ता हे सगळं मिळून एकच रचना आहे, शहर त्याच्या भोवती वाढलं. हे डोक्यात ठेवून गड्ड्याची गर्दी बघितली की ती वेगळीच वाटते.

तिथून शेजारी भुईकोट किल्ला. किल्ला बहमनी काळातला, नंतर आदिलशाही-निजामशाहीत त्यासाठी किती मारामाऱ्या झाल्या ते इतिहासात येतंच. पण मला आत बघायचं होतं ते जुन्या देवळाचे अवशेष. कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं मूळ देऊळ इथलं असं मानतात, आत्ताचं मल्लिकार्जुनाचं देऊळ बाळीवेशीत आहे. मावशी रोज त्या बाळीवेशीतल्या देवळात जाते आणि किल्ल्यातलं हे तिनं आज पहिल्यांदा बघितलं, बराच वेळ एका खांबाला हात लावून उभी होती.

खांब कसा बघायचा हे इथं निवांत कळतं, कारण गर्दी नाही आणि छप्पर नसल्यानं उजेड भरपूर. खाली चौकोनी बैठक, मग मधला भाग कुठं अष्टकोनी कुठं गोल, त्यावर चकत्या चकत्या ठेवल्यासारखे थर, आणि सगळ्यात वर चारी बाजूंना बाहेर आलेले हात, ज्यांच्यावर तुळई टेकते. त्या हातांवर बऱ्याच देवळांत बुटके पोटवाले कीचक कोरलेले असतात, वरचा भार त्यांनीच पेलल्यासारखे. हे हात नुसते शोभेला नसतात. दगडाला वरून कितीही दाबा, तो शेकडो वर्षं सोसतो, पण तोच दगड आडवा करून दोन टोकांवर टेकवला आणि मध्ये वजन टाकलं की खालच्या अंगाला ताण पडतो आणि तिथं तो तडकतो. म्हणून देवळात खांब इतके जवळ जवळ, म्हणून तुळया इतक्या जाड, आणि म्हणून ते बाहेर आलेले हात, कारण त्यांनी दोन खांबांमधलं उघडं अंतर कमी होतं. एकदा हे लक्षात आलं की मग कुठल्याही जुन्या मंडपात गेलं की नजर आधी वर जाते, कुठली तुळई मध्येच चिरलीय, कुठं नंतर कुणी टेकू दिलाय.

किल्ल्याच्या भिंतींतही मधूनच नक्षीचा दगड दिसतो, उलटा बसवलेला, अर्धा. ज्यांना बघायचं त्यांनी सावकाश फिरावं. दुपारी घरी, ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी आणि दही, आणि उद्याची तयारी म्हणजे टॉर्च चार्ज करणं.

रविवार, हत्तरसंग कुडल

सकाळी लवकर निघालो. विजापूर रोडनं 'तेरा मैल' नावाचं ठिकाण, मंद्रूप आणि मग पुढं विचारत विचारत आत. कारखाने चालू असल्यामुळं दोन दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागं रांगत जायचं, पण दोन्ही बाजूला शाळू कणसात आलेला आणि हवेत हुरड्याचा वास, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. सोलापुरातून साधारण चाळीस किलोमीटर पडतं.

गावात शिरल्यावर मावशीचं काम सुरू. पारावरच्या बायकांनी "कुठनं आलाव?" विचारलं आणि दोन वाक्यांत बोलणं कन्नडमध्ये गेलं आणि परत मराठीत आलं आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. नदीपलीकडं कर्नाटक. इथं भाषेची बॉर्डर नकाशावर आहे, तोंडात नाही, आणि हे आजचं नाही, हजार वर्षांपूर्वीही असंच असणार, कारण ज्या राजांच्या काळात हे देऊळ झालं ते कल्याणीचे चालुक्य, पुढं त्यांची राजधानी झालं ते आजचं बसवकल्याण, त्यांचे बहुतेक लेख कन्नडमध्ये, आणि त्यांच्याच राज्यात इथं मराठीत ओळ कोरली गेली.

त्या ओळीकडं येतोच, आधी जागा.

सीना इथं भीमेला मिळते. थंडीत पाणी शांत, काठाला गाळ, पलीकडं कर्नाटकातली शेतं. संगमावर दोन देवळं, एक संगमेश्वर आणि एक हरिहरेश्वर. संगमेश्वरात पूजा कधी थांबलीच नसावी असं वाटतं, हरिहरेश्वर मात्र मातीच्या ढिगाऱ्याखाली गेलं होतं, १९९९ साली उत्खनन झालं तेव्हा ते बाहेर आलं.

आधी संगमेश्वर. बाहेरून बघितलं तर देऊळ बसकं वाटतं, उंच शिखराची सवय असलेल्या माणसाला तर "एवढंच?" वाटेल. पण पायरी चढून मंडपात गेलो की गारवा, आणि खांबांची गर्दी. उन्हातून आत गेल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही, थांबायचं, डोळे सरावले की एकेक गोष्ट पुढं यायला लागते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता घडवून बसवलेला, कुसू आणि खाच, आणि वजनानंच सगळं घट्ट. दोन दगडांमधल्या सांध्यात मी नख घालून बघितलं, कित्येक ठिकाणी जात नाही. बसाल्ट हा घडवायला किती चिवट दगड आहे ते ज्यांनी कधी घरात पाटा-वरवंटा टाकीला दिलाय त्यांना विचारा, त्या दगडाला इतकी सरळ धार आणायची आणि तीही प्रत्येक थराला, हे काम करणाऱ्यांचं एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

आणि मग तुळईवरचा शिलालेख. गुरवकाकांनी "तिकडं, तिरकी बॅटरी मारा" असं सांगितलं आणि ते शंभर टक्के बरोबर. टॉर्च समोरून मारली तर अक्षरं गायब होतात, बाजूनं, जवळजवळ दगडाला टेकवून मारली की प्रत्येक खोबणीत सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. नागरी लिपी, आजच्या देवनागरीची सवय असेल तर काही अक्षरं लगेच ओळखू येतात, काही अजिबात नाहीत. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. शेवटची ओळ, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. मी मोठ्यानं वाचली, मावशीनं मागून म्हटली, गुरवकाकांना अर्थातच पाठ.

सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. कुठल्या तरी मोठ्या पदावर बसून नाही, गावोगाव फिरून, ठसे घेऊन, वर्षानुवर्षं त्यांनी या जिल्ह्यातले लेख गोळा केले. सगळ्यात जुना मराठी लेख म्हणून आधी आपण शाळेत शिकलो ते श्रवणबेळगोळच्या 'श्री चावुंडराजें करवियलें' बद्दल. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचंही नाव येतं, पण त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कुडलच्या लेखात मात्र शक स्पष्ट आहे आणि म्हणूनच कित्येक अभ्यासक याला सगळ्यात जुना तारीख असलेला मराठी शिलालेख मानतात. पहिला की दुसरा यावर भांडण करणाऱ्यांनी करावं, मला त्या तुळईखाली उभं राहून जे वाटलं ते असं, की राजाची बिरुदं कोरलेले लेख ढिगानं आहेत, पण येणाऱ्या अनोळखी माणसाला चांगलं चिंतणारी ओळ हजार वर्षं टिकून राहिली आणि ती आपल्या भाषेत आहे, याचा अभिमान वाटायलाच पाहिजे.

एक विनंती, अगदी हात जोडून. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कुणीही त्यात खडू, पीठ, रंग, तेल घासू नका. फोटो छान येतो पण पुढच्या पावसात ते सगळं ओलावा धरतं, वर शेवाळ येतं आणि अक्षराची कड खाल्ली जाते. तिरका उजेड पुरतो, खरंच पुरतो.

बाहेर आल्यावर हरिहरेश्वर. एका देवळात हरी आणि हर दोघं, म्हणून गाभारेही दोन. पुढं स्वर्गमंडप आहे, म्हणजे मधोमध आकाशाला उघडा असलेला गोलाकार मंडप, भोवती खांब. दुपारी तिथं उभं राहिलं की बरोबर मध्ये उन्हाचा गोळा पडलेला आणि कडेला खांबांच्या सावल्या. आपल्याकडं स्वर्गमंडप म्हटलं की सगळे कोपेश्वर खिद्रापूर सांगतात, खिद्रापूरचा भव्य आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण इथं नदीचं वारं थेट त्या मंडपात येतं, आणि आम्ही त्या मंडपात होतो तोपर्यंत तिथं दुसरं कुणी आलं नाही.

आणि ते शिवलिंग. एकमुखी लिंग, चतुर्मुख, पंचमुखी हे आपण ऐकलेलं असतं. इथं एकाच लिंगावर ओळींमागून ओळी बारीक चेहरे कोरलेत, एकूण ३५९, आणि ते लिंग स्वतः धरून ३६०. लांबून बघितलं तर नुसतं खडबडीत वाटतं. जवळ बसलं, म्हणजे अक्षरशः मांडी घालून बसलं, की चेहरे दिसायला लागतात. मी एका ओळीतले सात-आठ चेहरे नीट बघितले. शेजारचे दोन एकसारखे नाहीत. एकाचे ओठ किंचित उघडे, एकाची हनुवटी झिजून गेलेली पण डोळे शाबूत, एका ठिकाणी टाकी थोडी घसरल्यासारखी रेघ आणि तीच रेघ पुढच्या कोरीव कामात मिसळून टाकलेली. इतक्या लहान जागेत बसाल्टवर नाक उठवणं म्हणजे चुकीचा एक घाव आणि संपलं, आणि हे तीनशे एकोणसाठ वेळा.

मावशी बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "अरे बारा महिने, महिन्याच्या तीस तिथ्या, तीनशे साठ. रोज एक तोंड आपल्याकडं बघतंय." कोरणाऱ्याच्या मनात हेच होतं का ते सांगता येणार नाही, पण मी इतका वेळ दगड, टाकी, काळ असं करत बसलो होतो आणि तिथ्यांचा हिशेब तिनं मांडला. देवळाला जो रोज येतो त्याला ते वेगळं दिसतं हे मला तिथं जाणवलं.

यावरून आमच्यात गाडीत जोरात चर्चाही झाली. माझं म्हणणं, जुन्या देवळांना ऑइलपेंट लावू नये, गाभाऱ्यात टाइल्स बसवू नयेत, सांध्यात सिमेंट भरू नये, ट्यूबलाइटसाठी खांबाला ड्रिल मारू नये. हे मी जिल्ह्यात किती तरी देवळांत बघितलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. पेंटच्या थराखाली बारीक कोरीवकाम बुजतं, सिमेंट दगडातला ओलावा अडवून ठेवतं आणि मग दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात, आणि ते काढायला गेलं की दगडही निघतो. मावशीचं म्हणणं, लोक प्रेमानं करतात रे, देवाला चांगलं ठेवायचं म्हणून करतात, लोक आले नाहीत तर देऊळ पडेल. दोन्ही खरं आहे. हरिहरेश्वर मातीखाली गेलं कारण तिथली वर्दळ थांबली, आणि संगमेश्वर टिकलं कारण कुणी तरी रोज दिवा लावत राहिलं. म्हणून मला वाटतं वर्गणी जमवून करायचीच असेल तर छतावरची झाडं मुळासकट काढणं, पावसाचं पाणी देवळापासून लांब जाईल असा उतार काढणं, आणि आवारात विखुरलेला एकही कोरीव दगड हलवायच्या आधी त्याचा फोटो काढून नंबर टाकणं, हे करावं. खर्च रंगापेक्षा कमी येतो. आणि पिंपळाचं एवढंसं रोप सांध्यात शिरलं की दहा-पंधरा वर्षांत ते दगड सरकवतं, तिथं रंग काय कामाचा.

अजून एक. नंतर संगमेश्वरात आलेल्या एका ग्रुपमधला मुलगा "हेमाडपंती आहे" असं सांगत होता. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्रदेव यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. कुडलचा लेख त्याच्या अडीचशे वर्षं आधीचा. त्या मुलाला तारीख दाखवली तर तो खूश झाला, टॉर्च मागून घेतली आणि मित्रांना घेऊन परत आत गेला.

परत निघताना एका शेतात हुरडा मिळाला, शेणीच्या आरावर भाजलेला, सोबत लसणाची चटणी. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मावशीनं पोराच्या हातात ठेवले.

सोमवार, माचणूर आणि वेळापूर

हा दिवस लांबचा. मंगळवेढा रोडनं माचणूर, भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, खाली नदीपर्यंत घाट आणि शेजारीच किल्ला. औरंगजेबाचा तळ इथं ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ असा चार-पाच वर्षं होता, दिल्लीचा बादशहा इथं बसून हिंदुस्थानाचा कारभार बघत होता हे त्या शांत घाटावर उभं राहून खरं वाटत नाही. गावात त्याच्या आणि देवळाच्या कथा सांगतात, भुंगे सुटले वगैरे, त्या तिथंच ऐकाव्यात. घाटाच्या पायऱ्या चढताना मावशीचे गुडघे बोलायला लागले म्हणून फार थांबलो नाही. मंगळवेढ्यात, चोखोबांच्या गावात, हात जोडले, पंढरपूर बाहेरूनच पार केलं, दर्शनाची रांग लांब होती.

वेळापूर माळशिरस तालुक्यात. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव, वारकऱ्यांना पक्कं माहीत असलेलं, पण अर्धनारीनटेश्वराचं देऊळ बघायला वेगळा वेळ काढावा लागतो. कुडलहून इथं आलं की काळ एकदम पुढं सरकतो. हे यादवकाळातलं, इथले शिलालेख रामचंद्रदेव यादवाच्या काळातले, इ.स. १३०० च्या आसपासचे. आता याच्या थोडं आधी, १२९६ ला अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर येऊन गेलेला, खंडणी बसलेली. राज्य आतून हललेलं असणार, आणि तरी इतक्या लांब एका गावातल्या देवळाचं काम होतं, दान दिलं जातं, ते मराठीत नीट कोरून ठेवलं जातं. आणि कुडलच्या ओळीपासून पावणेतीनशे वर्षांत मराठी किती मोकळी झाली तेही या दोन गावांत दोन दिवसांत कळतं.

देवळासमोर मोठं कुंड आहे, बांधीव, पायऱ्यांचं. आवारात वीरगळ आणि जुन्या मूर्ती मांडून ठेवल्यात. वीरगळ नक्की बघा, खालच्या चौकटीत लढाईत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापाशी बसलेला, खालून वर वाचायचं.

गाभाऱ्यातली मूर्ती नावावरून वाटते तशी अर्धी शिव अर्धी पार्वती नाही, शिव आणि पार्वती दोघं एकमेकांना बिलगून बसलेले आहेत. पूजेतली मूर्ती असल्यानं फुलं-वस्त्रांमधून जेवढी दिसली तेवढी बघितली. बायकोला आणि मावशीला ही मूर्ती सगळ्यात जास्त आवडली. मावशी म्हणाली, "बघ, देवसुद्धा जोडीनं बसलेत, आणि तुम्ही दोघं येताना गाडीत भांडत होता." गाभाऱ्याबाहेर उभी असलेली सगळी माणसं हसली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कुडलला सकाळी नऊच्या आत पोचा, मार्चनंतर दगड असा तापतो की अनवाणी चालवत नाही. पाणी आणि डबा सोलापुरातूनच न्या, गावात चहा मिळतो, जेवणाचं सांगता येत नाही. पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडलं की भीमा फुगते, त्या दिवसांत आधी चौकशी करून जा. मोबाइलच्या टॉर्चपेक्षा हातातली छोटी बॅटरी बरी, आणि गुरवकाका असतील तर त्यांनाच दाखवायला सांगा, त्यांना प्रत्येक तुळई माहीत आहे. वेळापूरला जायला पंढरपूरहून एसटी भरपूर आहेत, कुडलला मात्र स्वतःची गाडी असलेली बरी. आमचं पुढचं बार्शीचं भगवंत मंदिर ठरलंय, एकादशी सोडून कुठल्या तरी दिवशी, कारण खांब बघायचे असतील तर गर्दी नको, असं मावशीच आता सांगायला लागलीय.